अलीकडे शून्य, पलीकडे तीन

१५ डिसेंबर २०२४ हा रविवार होता आणि माझ्या वावरात पऱ्हाटीचा तिसरा वेचा चालू होता. बाया ओळीने पुढे सरकत होत्या आणि मी धुऱ्यावरच्या बाभळीच्या फांदीला वजनकाटा अडकवून बसलो होतो. वेचणी किलोवर असते, त्यामुळे दुपारी चारच्या पुढे वेचणारणीचे लक्ष काट्याकडे आणि मालकाचे लक्ष कापसात कवडी-कचरा किती आला याकडे असते. त्या दिवशी मात्र बाया, मी आणि बंडी घेऊन आलेला चुलतभाऊ, अशा सगळ्यांचेच लक्ष त्याच्या मोबाइलमध्ये गुंतले होते. नागपूरच्या राजभवनाच्या हिरवळीवर राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन एकामागून एक मंत्र्यांना शपथ देत होते. नाव पुकारले की चुलतभाऊ त्या माणसाचा जिल्हा सांगायचा आणि पुढच्या नावाची वाट पाहायचा. पंधरा-वीस नावे झाल्यावर एका म्हातारीने पाठीवरचे गाठोडे खाली टाकले आणि विचारले, "आपल्या जिल्ह्याचा कोनता व्हय यायच्यात?" चुलतभावाने "येईन आता" म्हणून तिला थांबवले. एकोणचाळीस नावे संपली, राष्ट्रगीत झाले, आणि आपल्या जिल्ह्याचे नाव आले नाही ते नाहीच. म्हातारीने गाठोडे उचलून काट्याला लावले. अठरा किलो भरले.

रात्री बहिणीचा फोन आला. तिला हसू आवरत नव्हते. "दादा, तुमच्या अमरावतीले भोपळा भेटला म्हनते! आमच्याकडे पाह्य, तीन-तीन."

तिचे सासर नेर तालुक्यात आहे, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात. माझे गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्याच्या शेवटच्या टोकाला, अमरावती जिल्ह्यात. अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर आधी आमचा तालुका लागतो आणि मग तिचा. दोन गावांमध्ये फार तर चौदा-पंधरा किलोमीटरचे अंतर असेल. दोन्हीकडची काळी माती सारखीच, आणि कापूस, सोयाबीन व तूर ही पिकेही तीच. सोयाबीन विकताना व्यापारी ओलाव्याच्या नावाखाली जी कपात करतो, तिची रीतसुद्धा तीच. मात्र मध्ये एक नाला आहे आणि त्याच्यावर जिल्ह्याची हद्द आहे. त्या नाल्याच्या पलीकडे तीन मंत्री झाले आणि अलीकडे एकही झाला नाही. मला याचे वाईट वाटले, हे कबूल करतो. साठी ओलांडलेल्या माणसाने मंत्रिमंडळाच्या यादीवरून बहिणीशी रुसावे हे हास्यास्पद आहे. तरी त्या रात्री मी फोन लवकर ठेवला.

गावच्या सेवा सहकारी सोसायटीत मी एकतीस वर्षे गटसचिव होतो. याद्या करणे आणि याद्यांची बेरीज तपासणे हाच माझा धंदा होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी हिशेब मांडला. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने राज्याच्या मंत्रिमंडळाला विधानसभेच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. आपली विधानसभा २८८ जणांची, म्हणजे जास्तीत जास्त ४३ मंत्री. ५ डिसेंबरला मुंबईच्या आझाद मैदानावर देवेंद्र फडणवीस, एकनाथ शिंदे आणि अजित पवार या तिघांनी शपथ घेतली होती. त्यात नागपूरचे ३९ मिळवले की ४२ होतात, आणि एक जागा शिल्लक राहते. ही शिल्लक जागा कोणाचीही चूक नसते. सोसायटीच्या गोदामातही आम्ही खताच्या दोन-चार गोण्या नेहमी मागे ठेवायचो, कारण रागावलेल्या सभासदाला दाखवायला काहीतरी लागते.

विदर्भात ६२ मतदारसंघ आहेत. त्रैराशिकाने ४२ पैकी नऊ मंत्रिपदे आमच्या वाट्याला यायला हवीत. मुख्यमंत्री धरून आली आठ. एकाने कमी, म्हणजे बोंब मारावी असा हा अन्याय नव्हे. खरी गंमत जिल्ह्यांवर बोट ठेवत गेल्यावर कळली. नागपूर जिल्ह्यात तिघे: खुद्द फडणवीस, कामठीचे चंद्रशेखर बावनकुळे आणि रामटेकचे आशिष जयस्वाल. यवतमाळमध्ये तिघे: राळेगावचे अशोक उईके, दिग्रसचे संजय राठोड आणि पुसदचे इंद्रनील नाईक. वर्ध्याचे पंकज भोयर आणि बुलढाण्यातल्या खामगावचे आकाश फुंडकर मिळून आठ पुरे झाले. अमरावती, अकोला, वाशीम, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सात जिल्ह्यांपुढे मी शून्य लिहिले. मंत्रिमंडळात चार महिला आल्या, त्यांच्यातली एकही विदर्भाची नाही. वेचणीच्या ओळीत मात्र एकही पुरुष नव्हता, हे मला तेव्हाच आठवले आणि मी तेही त्या कागदाच्या कोपऱ्यात टिपून ठेवले.

यवतमाळला तीन कसे आले, याचा उलगडा व्हायला मला दोन दिवस लागले. उईके भारतीय जनता पक्षाचे, राठोड शिवसेनेचे आणि नाईक राष्ट्रवादी काँग्रेसचे. म्हणजे यादी एक नव्हती, तीन होत्या. घटनेचा १६४ वा अनुच्छेद सांगतो की मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात आणि इतर मंत्र्यांची नेमणूक ते मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने करतात. कागदावर निवड करणारा हात एकच. पण १३२, ५७ आणि ४१ आमदारांच्या तीन पक्षांचे सरकार असते तेव्हा प्रत्येक पक्ष आपली यादी आपल्या घरी करतो. त्या रविवारी भाजपचे १९, शिवसेनेचे ११ आणि राष्ट्रवादीचे ९ जण मंत्री झाले. भाजपला आदिवासी चेहरा हवा, तो राळेगावात सापडला. शिवसेनेला विदर्भातला आपला जुना गडी टाळता येत नव्हता. राष्ट्रवादीला पुसदचे घराणे सोडायचे नव्हते. तिघांचेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि तिघांची बेरीज एकाच जिल्ह्यात जाऊन पडली. प्रदेशाचा समतोल पाहायचा तर तिन्ही याद्या एका पाटावर ठेवून कोणीतरी म्हणायला हवे होते, की तुमच्यातला एक मागे घ्या आणि अकोल्याचा द्या. पण आघाडीच्या सरकारात असे म्हणणारा स्वतःच्या पक्षाचा माणूस मागे घ्यायला तयार असावा लागतो. मुख्यमंत्र्याची निवड ही अशा वेळी निम्म्याहून अधिक इतरांच्या निवडीची पोच असते, असे माझे मत त्या कालनिर्णयाच्या पाठीवरच तयार झाले.

हे मला इतक्या सहज पटले, कारण हा प्रकार मी फार लहान आकारात पाहिलेला आहे. आमच्या सोसायटीच्या संचालक मंडळात तेरा जण असतात: आठ सर्वसाधारण, दोन महिला, आणि इतर मागासवर्गीय, अनुसूचित जाती-जमाती व भटक्या-विमुक्त यांचा प्रत्येकी एक. एका निवडणुकीत दोन गट मिळून पॅनल निवडून आले आणि अध्यक्ष कोण यावर माझ्याच कार्यालयात रात्री दोनपर्यंत खल चालला. शेवटी अडीच-अडीच वर्षांचा तोडगा निघाला. मला सांगण्यात आले, की हे प्रोसिडिंगमध्ये लिहायचे नाही, शब्द पुरेसा आहे. मी लिहिले नाही. अडीच वर्षे झाली आणि पहिल्या अध्यक्षाला आठवेना, की असा काही शब्द झाला होता. मग दुसऱ्या गटाने सभेला येणे सोडले, कोरम भरेना, आणि क. म. पत्रकाला (कोणाला किती पीककर्ज द्यायचे त्या यादीला) मंजुरी मिळायला उशीर होऊन त्या साली लोकांच्या हाती पीककर्ज पडले ते पेरणी आटोपल्यावर. त्यामुळे शपथविधीच्याच दिवशी नागपुरातल्या आपल्या पक्षाच्या मेळाव्यात अजित पवार यांनी अडीच-अडीच वर्षांची संधी देण्याचे सूत्र सांगितले, हे वाचून मला पहिल्यांदा ते कोरे राहिलेले प्रोसिडिंग बुक आठवले. ज्याला मंत्रिपद मिळाले नाही त्याला वाट पाहायला लावण्याचा हा उपाय जुना आहे आणि त्या रात्रीपुरता तो लागूही पडतो.

वाट पाहायला तयार नसलेलेही होतेच. भंडाऱ्याचे नरेंद्र भोंडेकर यांनी शिवसेनेच्या उपनेतेपदाचा राजीनामा दिला. चंद्रपूर जिल्ह्यातले सुधीर मुनगंटीवार, ज्यांनी पूर्वी राज्याचे अर्थ आणि वन अशी खाती सांभाळली होती, ते या यादीत नव्हते. गडचिरोलीतल्या अहेरीचे धर्मरावबाबा आत्राम मागच्या सरकारात मंत्री होते, तेही गळाले. सगळ्यात मोठी चर्चा छगन भुजबळ यांची झाली, आणि त्यात नागपूरचा एक विचित्र योग होता. डिसेंबर १९९१ मध्ये सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना मंत्रिमंडळाचा विस्तार असाच नागपुरात झाला होता आणि शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये आलेल्या भुजबळांनी तेव्हा तिथे शपथ घेतली होती. तेहतीस वर्षांनी पुन्हा नागपुरात शपथविधी झाला, तेव्हा ते बाहेर राहिले आणि सुधाकररावांचे पुतणे इंद्रनील आत आले. वृत्तपत्रांनी 'वर्णी', 'डच्चू' आणि 'पत्ता कट' हे तीन शब्द आठवडाभर पुरवून वापरले.

मंत्री निवडण्याचा मान नेमका कोणाचा, हा वाद आमच्या भागाला नवा नाही. जुलै १९३८ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे पंतप्रधान डॉ. ना. भा. खरे (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत) यांचे रविशंकर शुक्ल आणि द्वारकाप्रसाद मिश्र या सहकाऱ्यांशी बिनसले. खऱ्यांनी राजीनामा देऊन त्यांना वगळले आणि नवे मंत्रिमंडळ बनवले. त्यात अग्निभोज हे दलित मंत्रीही होते. ते मंत्रिमंडळ आठवडाभरसुद्धा टिकले नाही. काँग्रेसची कार्यकारिणी वर्ध्यात बसली, गांधीजी शेजारच्या सेवाग्रामला होते, आणि खऱ्यांना पायउतार व्हावे लागून शुक्ल त्यांच्या जागी आले. खरे मरेपर्यंत म्हणत राहिले असतील, की माझे सहकारी मी निवडायचे नाहीत तर कोणी? कार्यकारिणीचे म्हणणे होते, की पक्षाला न विचारता राज्यपालाच्या दारात जाऊन निवड करता येणार नाही. मला यात दोन्ही बाजूंचे थोडे थोडे पटते, आणि वर्ध्यापासून मुंबईपर्यंत आणि मुंबईपासून दिल्लीपर्यंत तो प्रश्न अजून तसाच चालत आला आहे, एवढे दिसते.

खातेवाटप २१ डिसेंबरला जाहीर झाले, म्हणजे नागपूरचे अधिवेशन संपले त्याच दिवशी. शपथेनंतर सहा दिवस हे मंत्री बिनखात्याचे विधिमंडळात बसले होते. गावात एव्हाना लोकांचा रस ओसरला होता, माझा मात्र वाढला, कारण शेतकऱ्याला मंत्र्याच्या नावापेक्षा त्याचे खाते अधिक भिडते. मी पुन्हा कागद घेतला आणि माझ्या सात एकरांना हात लावणारी खाती एकाखाली एक लिहिली. कृषी नाशिकमधल्या सिन्नरकडे, माणिकराव कोकाटे यांच्याकडे गेले. जलसंपदा दोघांत विभागले गेले आणि विदर्भ, तापी व कोकण पाटबंधारे महामंडळांचे काम जळगाव जिल्ह्यातल्या जामनेरचे गिरीश महाजन यांच्या वाट्याला आले. अतिवृष्टीची मदत ज्या खात्यातून येते ते मदत व पुनर्वसन वाईच्या मकरंद पाटलांकडे. रोजगार हमी महाडच्या भरत गोगावले यांच्याकडे. वन खाते गणेश नाईक यांच्याकडे, म्हणजे नवी मुंबईतल्या ऐरोलीकडे. रानडुकरांनी रात्रीतून तुरीचा पाटा लोळवला की त्याची भरपाई ज्या खात्याकडे मागायची ते खाते एका शहराच्या आमदाराकडे गेले, ही कल्पना आमच्या पारावर दोन संध्याकाळ पुरली. विदर्भाकडे महसूल (बावनकुळे), आदिवासी विकास (उईके), मृद व जलसंधारण (राठोड) आणि कामगार (फुंडकर) आले. गृह आणि ऊर्जा मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडे ठेवले.

आणि कापसाचा भाव? तो या ४२ जणांपैकी कोणाच्याच हाती नाही. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये आणि सोयाबीनचा ४,८९२ रुपये होता. दोन्ही आकडे दिल्लीत ठरले आणि कापसाची सरकारी खरेदी करणारे महामंडळही केंद्राचे. सोयाबीनमधल्या ओलाव्याची अट बारावरून पंधरा टक्के केली गेली, तीही दिल्लीनेच. माझ्या हिशेबाच्या कागदावर त्यामुळे सगळ्यात मोठ्या रकमेसमोर एकाही मंत्र्याचे नाव आले नाही.

तरीही मंत्री आपला असावा असे वाटतेच. आमच्या तालुक्याला तर या गोष्टीची चव फार पूर्वी लागलेली आहे. पापळ हे गाव आमच्याच तालुक्यातले. तिथले डॉ. पंजाबराव देशमुख १९५२ पासून १९६२ पर्यंत देशाचे कृषिमंत्री होते. त्यांची जयंती २७ डिसेंबरला असते, म्हणजे त्या वर्षी ती बरोबर या सगळ्या नाराजीच्या दिवसांत आली, आणि भाषणे करणाऱ्या प्रत्येकाने 'एके काळी देशाचे खाते आपल्या तालुक्यात होते' हे वाक्य कमी-अधिक फरकाने म्हटले. त्यानंतर जिल्ह्याच्या वाट्याला मंत्रिपदे आली आणि गेली. जून २०१९ मध्ये मोर्शीचे अनिल बोंडे राज्याचे कृषिमंत्री झाले आणि ऑक्टोबरच्या निवडणुकीत हरले. चार महिन्यांत एक खरीपही पुरता होत नाही, तेव्हा त्या कारकिर्दीवर चांगले-वाईट काही म्हणण्यात अर्थ नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस यशोमती ठाकूर कॅबिनेट मंत्री आणि बच्चू कडू राज्यमंत्री झाले. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये दोघेही पडले. जिल्ह्यातल्या आठपैकी पाच जागा भाजपने जिंकल्या, म्हणजे मतांचा कौल सरकारच्या बाजूने होता. निवडून आलेले पुष्कळसे नवे होते, आणि मंत्रिपदाच्या रांगेत नवा माणूस मागेच उभा राहतो. पलीकडे पुसदला १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षे वसंतराव नाईकांचे मुख्यमंत्रिपद होते. त्यांनीही शपथ घेतली ती ५ डिसेंबरलाच. पण ते पदावरून गेल्यावर आठ-नऊ वर्षांत विदर्भासह सगळ्या राज्याचा अनुशेष, म्हणजे मागे राहिलेला विकास, मोजायला दांडेकर समिती नेमावी लागली होती. एवढी मोठी खुर्ची एवढा काळ घरात असूनही मोजण्यासारखे काही उरले होते, हे मी बहिणीला फोनवर सुनावले. तिने विचारले, "मंग तुले कायले पायजे मंत्री?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ होते, पण फोनवर सांगण्यासारखे नव्हते. ते उत्तर म्हणजे आमची पांधण.

गावापासून वावरांकडे जाणारी ही वाट साधारण दीड किलोमीटरची आहे. गावनकाशावर ती तुटक रेषांनी दाखवलेली आहे आणि सरकारी कागदात तिला पाणंद म्हणतात. नकाशात बंडी सहज जाईल इतकी ती रुंद आहे. जमिनीवर मात्र एका जागी ती जेमतेम एका बैलापुरती उरली आहे, कारण समोरासमोरच्या दोन वावरवाल्यांनी दोन्ही बाजूंनी वखर पुढे सरकवत नेला. जुलैत तिथे गुडघाभर चिखल असतो. खताची गोणी डोक्यावर न्यावी लागते आणि ऑक्टोबरात सोयाबीन कापून गंजी लागली, की मळणीयंत्र आत जात नाही म्हणून पाऊस पडेपर्यंत गंजी तिथेच राहते. यात कोणत्याही सरकारचा दोष नाही, दोष आमच्या गावातल्या दोन माणसांचा आणि त्यांना काही न म्हणणाऱ्या आम्हा बाकीच्यांचा आहे. त्या दोघांपैकी एक जण माझा शाळासोबती आहे, दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नात मी वाढायला होतो.

अशा भांडणाला पूर्वी एक पायरी होती. जिल्हा परिषदेचा सदस्य निवडणुकीपुरता का होईना, दोघांच्या घरी चहा प्यायचा. एखादा सभापती आपल्या भागातला असला तर तो दोघांना पंचायत समितीच्या ओट्यावर बसवून म्हणायचा, की तू दोन तास सोड, तू दोन तास सोड, मुरूम मी टाकतो. (तास म्हणजे वखराची एक ओळ, घड्याळाचा तास नव्हे.) त्याच्याकडे देण्यासारखा मुरूम असायचा आणि घेण्यासारखी मते असायची, म्हणून त्याचे ऐकले जायचे. जिल्हा परिषदेचे अध्यक्ष आणि विषय समित्यांचे सभापती हेही एक छोटे मंत्रिमंडळच असते. बांधकाम कोणाकडे, शिक्षण कोणाकडे, कृषी कोणाकडे, यावर तिथेही रात्री जागवल्या जातात, आणि लोक त्याला हसतात. मार्च २०२२ मध्ये आमच्या आणि यवतमाळच्याही जिल्हा परिषदेवर प्रशासक आले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, निवडणुका लांबल्या आणि त्या डिसेंबरात पावणेतीन वर्षे झाली तरी ते छोटे मंत्रिमंडळ अस्तित्वातच नव्हते. अधिकारी आपले काम करतात, पण अधिकारी कोणाच्या ओट्यावर येऊन 'तू दोन तास सोड' म्हणत नाही. त्याने म्हणूही नये, ते त्याचे काम नाही. तो अर्ज घेतो, पोच देतो आणि मोजणीचे शुल्क भरायला सांगतो.

म्हणून वेचणीला आलेल्या म्हातारीपासून माझ्यापर्यंत सगळ्यांच्या नजरा राजभवनाच्या हिरवळीवर लागल्या होत्या. ग्रामपंचायत आहे, पण ती भांडणाच्या आत आहे. आमदार आहे, पण त्याच्या मतदारसंघात तीन तालुके आहेत. मधल्या पायऱ्याच निघाल्यावर माणूस माडीवरच्याला हाक मारतो. मला बहिणीचा हेवा वाटला तो तीन मंत्र्यांसाठी नव्हे, तर तिच्याकडे हाक ऐकू जाण्याची शक्यता तिप्पट आहे असे वाटल्यामुळे. संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन आली, तेव्हा तिने सांगितले, की तिच्या गावात आता तीन मंत्र्यांच्या अभिनंदनाचे तीन बॅनर लागले आहेत आणि एका बॅनरवर ज्याचा फोटो आहे तो दुसऱ्या बॅनरखालून जात नाही. तिलाही एव्हाना हसू कमी येत होते.

पालकमंत्र्यांची नावे १८ जानेवारी २०२५ ला आली. पालकमंत्री हे पद घटनेत नाही; मात्र जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे असते आणि जिल्ह्याचा वर्षाचा आराखडा तिथे ठरतो. ७४व्या घटनादुरुस्तीप्रमाणे या समितीत किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यायला हवेत. त्या संस्थांची मुदत संपून निवडणुकाच न झाल्यावर टेबलाभोवती उरतात पालकमंत्री, आमदार-खासदार आणि अधिकारी. म्हणजे ज्या वर्षी जिल्ह्याला मंत्री नव्हता त्या वर्षी पालकमंत्र्याचे वजन एरवीपेक्षा दुप्पट झालेले होते, हे माझ्या मते त्या यादीतले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी बोलले गेलेले वास्तव होते.

ती यादी वाचताना मी नकाशा उघडला. वाशीमला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलचे हसन मुश्रीफ दिले होते; कागल म्हणजे कर्नाटकची वेस. गोंदियाला लातूरमधल्या अहमदपूरचे बाबासाहेब पाटील, भंडाऱ्याला भुसावळचे संजय सावकारे. बुलढाण्याला स्वतःचा मंत्री असूनही तिथे वाईचे मकरंद पाटील आले आणि बुलढाण्याचे फुंडकर शेजारच्या अकोल्याला गेले. चंद्रपूर उईके यांच्याकडे आणि गडचिरोली मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडे घेतले. परक्या जिल्ह्याचा पालक गटातटांत नसतो, हा त्यातला फायदा मला मान्य आहे. पण कागलहून वाशीमला यायला दिवस जातो आणि आलेला माणूस झेंडावंदन, बैठक आणि सत्कार यांतून मोकळा होईपर्यंत परतायची वेळ झालेली असते.

आमच्या अमरावतीला बावनकुळे मिळाले. नागपूरबरोबर अमरावतीही त्यांच्याकडे. आधी कोथरूडचे चंद्रकांत पाटील होते, त्या मानाने कामठी शेजारीच. पारावर समाधान पसरले ते अंतराचे नव्हते, खात्याचे होते. पांधणीचे अतिक्रमण तहसीलदार पाहतो आणि हद्द भूमी अभिलेख मोजून देते. दोन्ही महसूल खात्याखाली. पैसा रोजगार हमीचा असला तरी वाट मोकळी करणे महसुलाचे. पालकमंत्री आणि आपल्या कामाचे खाते एकाच माणसाकडे येण्याचा योग माझ्या आठवणीत पहिलाच आहे. चुलतभाऊ म्हणाला, "आता तं जमलंच पायजे." त्याच संध्याकाळी अर्ज करायचे ठरले आणि सह्यांचा कागद फिरला. पहिली सही माझ्या शाळासोबत्याची होती, ज्याच्या वखराने पांधण खाल्ली आहे. त्याने वळणदार अक्षरात नाव लिहिले, गट नंबर लिहिला आणि मला विचारले, की रस्ता झाल्यावर पाण्याचा उतार कोणत्या बाजूला काढणार. मी म्हणालो, आधी मोजणी होऊ दे. तो गप्प बसला. मीही पुढे काही बोललो नाही, आणि ते दोन तास आमच्या दोघांच्या मध्ये तसेच पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथला पोरगा आमचा अर्ज कॉम्प्युटरवर जपून ठेवतो, कारण तो आम्ही यापूर्वीही निरनिराळ्या टेबलांवर दिलेला आहे. त्याने फाइल उघडली. 'प्रति, मा. पालकमंत्री महोदय' ही ओळ वर होती. आम्ही नाव कधीच टाकत नाही, हुद्दा टाकतो. पोराने विचारले, "काका, काय बदलू?" मी मजकूर पुन्हा वाचला. विषय, गट क्रमांक, लांबी, चिखल, गंजी, सगळे जसेच्या तसे लागू होते.

"तारीख," मी म्हणालो.

त्याने तारीख बदलली, तीन प्रती काढल्या, आणि टाचणी नव्हती म्हणून कोपरा दुमडून दिला.